धम्मशीला मॅडम आणि मागे बांधलेले हात

बुलढाण्यात धम्मशीला मॅडमविषयी दोन गोष्टी सगळ्यांना ठाऊक आहेत. एक म्हणजे त्यांचा आवाज. चिखली रोडला त्यांचं केंद्र आहे. तिथे त्या कोणावर घसरल्या की समोरचा पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवायची थांबवतो आणि आज कोणाचा नंबर लागला ते कान देऊन ऐकतो. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांच्या घरी पोळ्या त्यांचा नवरा लाटतो. कोर्टात बाबू असलेले प्रेमानंदराव संध्याकाळी बाह्या वर करून कणकेला भिडतात, हे गल्लीतल्या बायकांनी खिडकीतून स्वतः पाहिलेलं आहे. ही दुसरी गोष्ट अर्धीच खरी. उरलेली अर्धी पुढे येईलच. आत्तापासून मॅडमच्या अब्रूला हात घालायला नको.

मॅडम मूळच्या सोनाळ्याच्या. नर्सिंग शिकून दूरच्या एका मोठ्या शहरात, मनोरुग्णालयात बरीच वर्षं नोकरी केली. तिथे जे पाहिलं ते त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. आजार आटोक्यात आलेली, गोळ्या वेळेवर घेणारी, नीट बोलणारी माणसं वॉर्डातच म्हातारी होत होती. घरचे घेऊन जायचे आणि वर्षभरात परत आणून सोडायचे. तक्रार ठरलेली, काहीच करत नाही, नुसती बसून राहते. तिला काही करायला दिलं होतं का, असं विचारलं की घरचे वर पंख्याकडे पाहायचे.

लग्न होऊन बुलढाण्याला आल्यावर मॅडमनी एका संस्थेच्या मागे लागून लागून हे केंद्र सुरू करायला लावलं. आजारातून उठलेल्या माणसाला पुन्हा चहा करता यावा, बाजारात भाव करता यावा, एसटीत बसून आपल्या गावी जाता यावं, एवढ्यासाठी. पुढे हेच काम शिकायला समाजकार्याच्या कॉलेजातून दरवर्षी पोरं-पोरी यायला लागल्या, आणि मॅडमना रक्तदाबाची गोळी सुरू झाली.

पोरं वाईट असती तर बरं झालं असतं, हाकलता आली असती. पण आपल्याकडची पोरं पडली मायाळू. वयानं मोठी बाई राबतेय आणि आपण नुसतं पाहतोय, हे त्यांना सोसत नाही. मावशीच्या हातातून झाडू घे, काकाच्या शर्टाचं बटण लाव, भाजीवाल्याशी घासाघीस आपणच कर, आणि संध्याकाळी डायरीत लिहून मोकळे की पेशंटची प्रगती उत्तम आहे. शेवटी मॅडमनी नियम काढला. केंद्रातलं माणूस काम करत असेल तेव्हा शिकणाऱ्यानं हात मागे बांधून उभं राहायचं. बोला, विचारा, हसा. पण हात मागे.

यंदा मॅडमच्या वाट्याला राजकुमार आणि सुचिता आले होते. राजकुमार अंगानं भरलेला, तोंडानं गोड आणि दुसऱ्याच्या डब्यावर फार जीव असलेला. सुचिता पाठांतराची; मॅडमचा शब्द अन् शब्द पाळणारी. दोघांपैकी कोण जास्त छळतं हे मॅडमना अजून ठरवता आलेलं नव्हतं.

एका सकाळी चहाची पाळी सत्यभामाबाईंची होती. सत्यभामाबाई जानेफळच्या. साठीच्या अलीकडच्या, उंच, हडकुळ्या. त्या साखरेचा डबा शोधत होत्या आणि इकडे दूध वर यायला लागलं. राजकुमारचे हात मागे होते, पण जीव पातेल्यात अडकलेला. दूध काठाला टेकलं आणि त्यानं झडप घालून गॅस बंद केला.

“राजकुमार.”

मॅडम दारात उभ्या होत्या. समोर पंक्चरवाल्यानं ट्यूब खाली ठेवली.

“मॅडम, दूध उतू जाऊन राह्यलं होतं.”

“जाऊ द्याचं.”

“वाया जाते ना पन.”

“कोनाच्या बापाचं जाते? उतू गेलं असतं तर त्याहिनं ओटा पुसला असता अन् उद्या दुधावर नजर ठेवली असती. आता कोनावर ठेवतीन? तुह्यावर. तू काय जानेफळले त्याहिच्या गॅसपाशी जाऊन राह्यतं का जनमभर?”

मॅडम चिडल्या की पुस्तकी मराठी गळून पडते आणि खाली सोनाळा निघतो. राजकुमारनं मान खाली घातली. सुचिता भिंतीला टेकून, हात करकचून मागे बांधून, स्वतःवर खूश होऊन उभी होती.

“जाऊ द्या ना मॅडम,” सत्यभामाबाई म्हणाल्या. “लेकराले साय पाह्यजे होती चहात. उतू गेली असती तर थे बी गेली असती.”

सगळे हसले, मॅडम सोडून. त्यांना त्यानंतर सुचिताची डायरी वाचायची होती, आणि तिच्यात रोजच्यासारखं लिहिलेलं होतं, सत्यभामाबाई आज शांत होत्या.

“शांत म्हणजे काय गं?” मॅडमनी विचारलं.

“म्हणजे चांगल्या होत्या मॅडम. त्रास नाही दिला.”

“ही भिंतही तुला त्रास देत नाही. उद्यापासून भिंतीची डायरी लिही.”

या ‘शांत’ शब्दावर मॅडमचा राग जुना होता, आणि सत्यभामाबाईंच्या बाबतीत तर तो शब्द जिवावर बेतणारा होता. का, ते जानेफळात कोणीही सांगेल. एकेकाळी सत्यभामाबाईंच्या हातचा ठेचा आणि त्यांची जीभ सारखीच झोंबायची. नवरा गेला, आणि त्यानंतर कधीतरी त्यांना आवाज ऐकू यायला लागले. घरच्यांनी आधी बाहेरचं पाहिलं, अंगारे-धुपारे केले, डॉक्टर सगळ्यात शेवटी. मधल्या काळात त्यांचा मुलगा अविनाश याचं लग्न झालं, पुष्पांजली सून म्हणून घरात आली, आणि आला तिचा पहिला पोळा. पोरीनं पहाटे उठून पुरण वाटलं, पोळ्या केल्या. ओसरीत पाहुण्यांची पंगत बसली होती. सत्यभामाबाईंनी अख्खी परात उचलली आणि विष घातलंय म्हणून नालीत उपडी केली. गावानं हा किस्सा वर्षानुवर्षं चघळला. अजूनही बैलांच्या शिंगांना रंग लागला की कोणीतरी तो विषय काढतंच.

त्या दिवसापासून सत्यभामाबाईंना स्वयंपाकघर बंद. ओसरीत एक खुर्ची मांडली, चहा तिथे, ताट तिथे. औषधं लागू पडली, आवाज गेले, खुर्ची गेली नाही. बसून बसून त्या बोलायच्या थांबल्या. केंद्रात आल्या तेव्हा कोणी पाणी दिलं तर पाणी प्यायच्या, नाहीतर पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहायच्या. दीडेक वर्ष घासून मॅडमनी त्यांना गॅसपर्यंत, बाजारापर्यंत आणि जुन्या जिभेपर्यंत आणलं होतं. आता त्यांचं एकच म्हणणं होतं.

“मले घरी जाचं हाय. पन खुर्चीवर नाई.”

अविनाशला फोन केला तेव्हा तो म्हणाला, “एक रोज आना मॅडम. पाहू. शांत राह्यली तर ठेवून घेऊ.”

मॅडमनी फोन कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडे असं पाहिलं, जणू दोष मोबाइल कंपनीचाच असावा. त्यांना पक्कं माहीत होतं, सत्यभामाबाई पुन्हा त्या खुर्चीवर बसल्या तर वर्षभरात परत येतील, आणि या खेपेला पाण्याचा पेलाही उचलणार नाहीत.

ठरल्या दिवशी मेहकरच्या गाडीत मॅडमनी दोघांना नीट समजावलं. “आज परीक्षा तुमची. मी बोलणार नाही. घरचे यांच्या हातातून काम काढून घेतील, हमखास घेतील. तेव्हा तुम्ही बोलायचं. गोड बोला, पण बोला.” दोघांनी माना हलवल्या. सत्यभामाबाईंनी आपलं तिकीट आपण काढलं. त्या वेळी राजकुमारनं आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते, एवढी प्रगती मॅडमनी पाहिली. मेहकरला गाडी बदलून मंडळी जानेफळात उतरली.

पुष्पांजली वाईट असेल असं धरून चाललेल्यांची इथे निराशा होईल. तिनं दारातच सासूच्या पायांवर पाणी घातलं, वाकून नमस्कार केला, ओसरीतल्या खुर्चीवर नवी कोरी उशी ठेवली. कपाटातल्या ठेवणीतल्या कपबश्या निघाल्या. “बसा आत्याबाई. काई लागलं तर आवाज द्या.”

सत्यभामाबाई बसल्या. जराशानं कपबशी घेऊन आत जायला उठल्या, तर सुनेनं ती अलगद काढून घेतली. “तुमी कायले उठता? बसा.” थोड्या वेळानं पाणी घ्यायला उठल्या, तर पाणीच बाहेर आलं, ताटलीत पेला ठेवून. शेजारणी पाहायला आल्या, दारातच थबकल्या आणि खुर्चीकडे पाहून एकमेकींना म्हणाल्या, “चांगल्या दिसून राह्यल्या बाई. शांत.”

पाहुण्याला काम करू द्यायचं नाही, ही आपल्याकडची रीत. तिला नावं कोण ठेवणार? पण स्वतःच्या घरात पाहुणी झालेल्या बाईनं करायचं तरी काय, याचं उत्तर त्या रीतीत नाही.

मॅडमनी सुचिताकडे पाहिलं. सुचिता दाराजवळ उभी. हात मागे. मॅडमनी डोळे मोठे केले. सुचितानं हात आणखी घट्ट बांधले. शेवटी मॅडम पाणी प्यायच्या निमित्तानं तिच्याजवळ गेल्या.

“बोल ना.”

“मॅडम, मधे पडायचं नाही असं तुम्हीच सांगितलं.”

“कामाच्या मधे पडायचं नाही. इथं काम काढून घेऊन राह्यले.”

सुचितानं विचार केला. “मग हात मागेच ठेवू ना?”

मॅडमनी वर पंख्याकडे पाहिलं. इतकी वर्षं घरच्यांना नावं ठेवली. माणूस पंख्याकडे का पाहतं ते त्यांना आज कळलं.

अविनाश मात्र फार खूश होता. “मॅडम, मानलं तुमाले. सकाळपासून आवाज नाई मायचा. ठेवूनच घेतो आता.”

केंद्राच्या हिशेबानं हा जयजयकार होता. कॉलेजच्या सरांना कळवलं असतं तर त्यांनी फोटो मागितला असता. आणि खुर्चीवर सत्यभामाबाई मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या आणि पायाच्या अंगठ्याकडे पाहत होत्या. दीड वर्षाची मेहनत एका सकाळच्या आदरसत्कारात वितळत चालली होती, आणि शिकवलेली दोन पोरं, एक भिंतीला चिकटलेली आणि दुसरं स्वयंपाकघरातून येणाऱ्या वासाकडे तोंड करून बसलेलं. परीक्षा गेली खड्ड्यात, आता आपणच तोंड उघडायचं, असं मॅडमनी ठरवलं, तेवढ्यात ताटं आली.

पातोडीची भाजी, पोळ्या, वरण, भात. सत्यभामाबाईंचं ताट खुर्चीपुढे स्टुलावर. राजकुमारनं पातोडी मागून घेतली, परत घेतली, आणि मॅडमची नजर चुकवून आणखी एकदा घेतली.

“वहिनी, पातोडी एक नंबर. ठेचा नाई काय?”

पुष्पांजलीनं लगेच वाटी आणली. राजकुमारनं बोटानं चाखून पाहिला. तोंड चालवत म्हणाला, “हा बी चांगला हाय. पन काय झालं, मावशीच्या हातचा खाल्ल्यापासून दुसरा घशाखाली उतरत नाई. एवढ्या दूर त्याहिच्या घरी आलो, अन् इथं बी नाई भेटणार काय?”

मॅडमना त्याला चिमटा काढायचा होता, पण तो बसला होता पलीकडे. ताटावर बसलेल्या पाहुण्यानं मागितलेलं नाही म्हणायचं, हे जानेफळात बसत नाही. आता एका पाहुणीला उठू द्यायचं नाही आणि दुसऱ्या पाहुण्याला उपाशी ठेवायचं नाही, अशी पुष्पांजली दोन पाहुण्यांच्या मधे सापडली.

सत्यभामाबाईंनी ताट बाजूला सारलं.

“मिरच्या कुठं ठेवत असतं तू?”

“आत्याबाई, मीच देते ना करून.”

“त्यानं माह्या हातचा मांगतला.”

त्या आत गेल्या. मागोमाग पुष्पांजली, मॅडम आणि सुचिता. स्वयंपाकघर पार बदललेलं होतं. चुलीच्या जागी फ्रिज, फडताळाच्या जागी ओटा. सत्यभामाबाईंनी एक डबा उघडला, त्यात रवा. दुसरा उघडला, त्यात डाळ. लसूण सापडेना. प्रत्येक डब्याला पुष्पांजलीचा हात पुढे जायचा.

“वहिनी,” सुचिता एकाएकी म्हणाली, “हात मागे.”

“काय?”

“असे.” सुचितानं वळून आपले हात दाखवले.

“माह्याच घरात मी हात बांधून उभी राहू?”

“आम्ही रोज राहतो. लई जड जाते, पण जमते.”

पुष्पांजलीनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नक्कल केल्यासारखे हात मागे बांधले. “झालं? आता फोटो काढा.” पण सोडले नाहीत.

लसूण सापडला. तवा तापला, मिरच्या तडतडल्या, खकाणा उठला आणि सगळ्या खोकायला लागल्या. त्या खोकल्यातच पुष्पांजली मॅडमला हळूच म्हणाली, “तुमाले वाटते मी भेतो यायले. मी भेत नाई. मले थे परात आठवते. पहाटे उठून पुरन वाटलं होतं म्या. लोकाहिपुढं विष म्हनलं त्याले.”

मॅडमनी शिकवण्याच्या नादात आयुष्यात पुष्कळ बोलून घेतलं आहे. या वेळी त्यांनीही आपले हात मागे बांधले.

सत्यभामाबाई पाठमोऱ्या होत्या. तांब्याच्या बुडानं तव्यावर मिरच्या रगडत होत्या. रगडणं थांबलं.

“मले बी आठवते,” त्या म्हणाल्या. “खुर्चीवर दुसरं काय करतं मानूस?”

पुन्हा रगडायला लागल्या. मग मागे न पाहता म्हणाल्या, “शेंगदाने कुठं हायत थे तूच दे. सोड आता हात.”

ठेचा व्हायला एवढा वेळ लागला की बाहेर वरणावर साय धरली. ताटात पडल्यावर पुष्पांजलीनं आधी चाखला. सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होते.

“मीठ कमी हाय, आत्याबाई.”

राजकुमार ‘नाई नाई’ म्हणायला तोंड उघडत होता. मॅडमनी यावेळी जागा हेरून ठेवली होती. त्याच्या पायावर पाय ठेवला.

“तुह्या घरचं मीठच फिकं हाय,” सत्यभामाबाई म्हणाल्या.

दुपारी निघताना मॅडमनी अविनाशला गोळ्यांचं आणि महिन्याच्या तपासणीचं सगळं पुन्हा सांगितलं. सत्यभामाबाई राहिल्या. खुर्चीवरची नवी उशी त्यांनी उचलून कपाटात ठेवली आणि खुर्ची अविनाशकडे ढकलली. “तू बस. तुले लई आवडते.”

परतीच्या गाडीत मॅडम खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. राजकुमारला ते शुभ चिन्ह वाटलं.

“मॅडम, माझं प्लॅनिंग कसं होतं?”

“ते प्लॅनिंग नव्हतं. पोट होतं.”

“पण काम तर झालं ना?”

हेच तर दुखणं होतं. इतकी वर्षं शिकवलं, नियम काढला, घसा फोडला, आणि शेवटी कामाला काय आलं, तर ह्याची भूक. पुढच्या तुकडीला काय सांगायचं, घरभेटीला जाताना उपाशी जा? त्यातून सुचितानं विचारलंच, “मॅडम, हात मागे कधी ठेवायचे आणि सोडायचे कधी, ते एकदा लिहून द्याल का?”

मॅडमनी पर्समधून रक्तदाबाची गोळी काढली.

आता ती उरलेली अर्धी गोष्ट. प्रेमानंदराव पोळ्या लाटतात हे खरं. पण लाटणं त्यांच्या हातात टिकत नाही. मॅडम बाजूला उभ्या असतात. ‘कड जाड राहिली’ म्हणतात, लाटणं ओढतात आणि पोळी पुन्हा लाटतात. दिवसभर पोरांच्या हातांवर ओरडून आलेल्या बाईचे स्वतःचे हात घरी असे सुटतात. प्रेमानंदराव कोर्टात असल्यामुळे तारीख पे तारीख सोसायची त्यांना सवय आहे.

अशाच एका संध्याकाळी अविनाशचा फोन आला.

“मॅडम, मायले घेऊन जा. पहिल्यावानी करून राह्यली.”

मॅडमनी फोन कानाशी घट्ट धरला. “काय म्हणते? विष म्हणते? आवाज येतात म्हणते?”

“नाई जी. पुष्पा फोडनीत मोहरी लई टाकते म्हन्ते. पुष्पा म्हन्ते माह्या घरात माह्या मनाची फोडनी. कवाचं चालू हाय. तुमी तर म्हनलं होतं बरी झाली. शांत कुठं हाय?”

“शांत तूच म्हणाला होता, मी नाई. गोळ्या घेते?”

“घेते.”

“झोप?”

“झोपते. उठली का पुन्हा चालू.”

“फोन जरा आत धर.”

मॅडमनी ऐकलं. भांडं आपटल्याचा आवाज, एक तरणा आवाज, एक जाडाभरडा. जाडाभरडा वरचढ होता. मग तरणा वर चढला. मॅडम इतक्या लक्ष देऊन ऐकत होत्या की प्रेमानंदरावांनी पोळी लाटायची थांबवून त्यांच्याकडे पाहिलं.

“मी काय करू मॅडम?” अविनाश म्हणाला. “मधात पडू?”

“हात मागं बांध अन् उभा राह्य.”

त्यांनी फोन ठेवला. पोळपाटावर मेहकर तालुक्याच्या नकाशासारखी एक पोळी होती, एका बाजूनं जाड. मॅडमचा हात लाटण्याकडे गेलाच. लाटणं हाललं नाही. प्रेमानंदरावांनी ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं.